मरोळचा प्रकाश

२८ जुलै २०१५ हा मंगळवार होता. आदल्या संध्याकाळी शिलाँग येथे विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान देताना माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे निधन झाले होते आणि अवघा देश त्या बातमीने हळहळत होता. त्याच मंगळवारी मुंबईच्या उपनगरात, जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यावर, प्रकाश बिल्होरे नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला.

अंधेरी, पवई, विक्रोळी, घाटकोपर या भागांत राहणाऱ्यांना हा जोडरस्ता वेगळा सांगावा लागत नाही. पश्चिम द्रुतगती महामार्गावरून निघून सीप्झच्या अंगाने, पवई तलाव आणि आयआयटीच्या दारावरून तो विक्रोळीकडे पूर्व द्रुतगती महामार्गाला मिळतो. लांबी दहा-साडेदहा किलोमीटर. पूर्व आणि पश्चिम उपनगरांना जोडणारे रस्ते मुळातच थोडे, त्यामुळे या एका रस्त्यावर अवजड ट्रक, बेस्टच्या बसगाड्या, कचेऱ्यांच्या मोटारी, रिक्षा आणि दुचाकी असा सगळा भार एकवटतो. त्या दिवशी पाऊस होता. प्रकाश आपल्या नात्यातल्या भावाच्या मोटारसायकलवर मागे बसला होता. रस्त्यातला खड्डा पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेला. पाण्याचा पृष्ठभाग आणि रस्त्याचा पृष्ठभाग एकच दिसत होता. गाडी त्यात आदळली आणि दोघेही फेकले गेले. चालवणाऱ्या भावाच्या डोक्यावर हेल्मेट होते, तो किरकोळ जखमांवर वाचला. प्रकाशच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. मेंदूला झालेल्या इजेने त्याचा प्राण गेला.

प्रकाशचे वडील दादाराव बिल्होरे हे अंधेरी पूर्वेच्या मरोळ भागातील भाजीविक्रेते. भाजीचा धंदा म्हणजे पहाटे घाऊक बाजार गाठायचा, माल निवडायचा, दुकान मांडायचे आणि रात्री उरलेल्या मालाचा हिशेब करायचा. या धंद्यात सुट्टी नसते आणि दुःखालाही फारशी सवड मिळत नाही. अशा घरातला सोळा वर्षांचा मुलगा ही त्या घराची सर्वांत मोठी ठेव असते. आईबापांना जे शिक्षण घेता आले नाही ते तो घेणार, नोकरीला लागणार, वडिलांच्या पाठीवरची टोपली उतरवणार, अशी सारी गणिते त्याच्या नावावर मांडलेली असतात. त्या गणिताचा आकडा एका दुपारी कोरा झाला.

गेलेल्या माणसाची आठवण जपण्याच्या आपल्या समाजात ठरलेल्या रीती आहेत. कोणी पाणपोई बांधतो, कोणी शाळेत पारितोषिक ठेवतो, कोणी रुग्णालयातील एखाद्या खाटेचा खर्च उचलतो, कोणी बागेत बाक देऊन त्यावर नाव कोरतो. या सर्व रीतींना थोडी शिल्लक लागते. दादारावांनी जी रीत निवडली तिला शिल्लक लागली नाही. ज्याने मुलगा नेला तो खड्डा होता, म्हणून त्यांनी खड्डे बुजवायला सुरुवात केली.

काम अगदी साधे होते. मुंबईत कोठे ना कोठे बांधकाम चालूच असते. तेथे टाकून दिलेली वाळू, खडी, फुटके पेव्हर ब्लॉक, विटांचे तुकडे गोळा करायचे, ते खड्ड्यापाशी आणायचे, फावड्याने भरायचे आणि वरून ठोकून ठोकून बसवायचे. भाजीच्या धंद्यातून मिळेल त्या वेळात हे चाले. प्रथम आपल्याच परिसरातले रस्ते, मग जेथे खड्डा दिसेल तेथे. पुढे लोक ओळखू लागले, काही जण हाताखाली येऊ लागले, वृत्तपत्रांचे प्रतिनिधी आले, परदेशी वृत्तसंस्थांनीही दखल घेतली. २०१८ च्या पावसाळ्यापर्यंत, म्हणजे तीन वर्षांत, त्यांनी बुजवलेल्या खड्ड्यांची संख्या सहाशेच्या घरात गेली होती. मुलाची आठवण राहावी आणि जे आपल्या घरी झाले ते दुसऱ्याच्या घरी होऊ नये, एवढेच कारण ते विचारणाऱ्यांना सांगत आले. चालता येते तोवर हे करणार, असेही ते म्हणत.

या कामाकडे निव्वळ भावनेने पाहिले तर त्याची खरी किंमत कळत नाही. रस्त्यावरचा खड्डा म्हणजे काय, हे थोडे समजून घ्यावे लागते. डांबरी रस्ता म्हणजे खडीचे थर आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारे डांबर. पृष्ठभागावर बारीक भेग पडली की पाणी आत शिरते. खडी आणि डांबर यांची पकड पाण्याने सुटते. त्यावरून जड चाक गेले की आतले पाणी दाबाने उसळते आणि बारीक माल बाहेर फेकते. चाक पुढे गेले की पुन्हा पाणी आत ओढले जाते. दिवसभरात हजारो चाके हेच करतात. आतला पाया पोकळ होतो आणि एके दिवशी वरचा पापुद्रा खचतो. पाण्याचा निचरा नीट होणाऱ्या रस्त्यावर हे क्वचित घडते. पण मुंबईत गटारे तुंबतात, आणि त्याहून वाईट म्हणजे वीज, गॅस, पाणी, दूरध्वनी अशा निरनिराळ्या सेवांसाठी एकच रस्ता वर्षातून अनेकदा उकरला जातो. उकरलेला चर पुन्हा भरताना थर नीट दाबले गेले नाहीत, तर पहिल्याच पावसात तो चर आपली जागा दाखवून देतो.

खड्डा शास्त्रशुद्ध भरायचा तर आधी त्यातले पाणी आणि सैल माल काढावा लागतो, कडा सरळ उभ्या कापाव्या लागतात, तळाला आणि कडांना पातळ डांबराचा लेप द्यावा लागतो, मग थराथराने मिश्रण भरून यंत्राने दाबावे लागते. वाळू-खडी फावड्याने ठोकून बसवलेला खड्डा फार काळ टिकत नाही, हे रस्तेबांधणीतील कोणीही जाणकार सांगेल, आणि ते खरे आहे. नागरिकांनी असे भरलेले साहित्य निसटून रस्त्यावर पसरते व त्याचाही धोका होतो, हा आक्षेपही अगदीच पोकळ नाही. तरीही एक गोष्ट उरते. महानगरपालिकेनेही पावसाळ्यात वर्षानुवर्षे खडी आणि पेव्हर ब्लॉक टाकूनच वेळ मारून नेली आहे. दोहोंत फरक इतकाच की दादारावांनी त्याचे देयक कोणाला पाठवले नाही.

ज्यांना हिशेबाच्या वह्या वाचण्याची सवय आहे त्यांना यात आणखी एक गोष्ट दिसेल. नवा रस्ता हा भांडवली खर्च असतो. त्याचे भूमिपूजन होते, फलक लागतो, छायाचित्र निघते. दुरुस्ती हा महसुली खर्च. तिचे उद्घाटन कोणी करीत नाही. साध्या दुकानदारालाही ठाऊक असते की यंत्राचा घसारा दर वर्षी मांडावा लागतो आणि देखभालीची तरतूद नफ्याच्या आधी काढून ठेवावी लागते. सार्वजनिक मालमत्तेच्या बाबतीत मात्र ही तरतूद पाऊस पडल्यावर आठवते. महानगरपालिकेच्या ताब्यात सुमारे २,०५० किलोमीटर लांबीचे रस्ते आहेत. ते टप्प्याटप्प्याने काँक्रीटचे करण्याचा कार्यक्रम अलीकडच्या वर्षांत हाती घेतला गेला. काँक्रीटच्या रस्त्याला पाण्याची भीती कमी असते. पण तोही सेवावाहिन्यांसाठी पुन्हा फोडला गेला तर जोडाच्या जागी तीच कथा सुरू होते.

आता थोडे कायद्याविषयी, कारण ज्या घरावर असा प्रसंग येतो त्याला तेराव्या दिवसानंतर कागदपत्रांचीच सोबत उरते. मुंबईच्या खड्ड्यांचा प्रश्न उच्च न्यायालयात २०१३ साली पोहोचला. तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी रस्त्यांच्या दुरवस्थेविषयी एक पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्यालाच जनहित याचिकेचे रूप दिले. मे २०१५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की चांगल्या स्थितीतील रस्ता मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. प्रकाशचा मृत्यू त्यानंतर दोनच महिन्यांनी झाला.

डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर जे आकडे आले ते अंगावर येणारे होते. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसे मृत्युमुखी पडली होती. दहशतवादी हल्ल्यांत मरणाऱ्यांपेक्षा ही संख्या मोठी आहे, असे न्यायालयाने बोलून दाखवले. एकट्या २०१७ चा शासकीय आकडा ३,५९७ होता. दिवसाला जवळजवळ दहा. त्यातले ७२६ महाराष्ट्रातले. त्यानंतर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८ अ आले. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जेथे रस्त्याच्या एकेका कामाचे अंदाजपत्रक कोटींत असते, तेथे एक लाख ही रक्कम ठेकेदाराच्या वहीत किरकोळ खर्चात बसते, हे सांगायला लेखापालाची गरज नाही.

विम्याची बाजू त्याहून अवघड आहे, आणि कुटुंबांना ती सहसा अपघातानंतरच कळते. एका वाहनाने दुसऱ्याला धडक दिली तर दावा कोणावर करायचा हे ठरलेले असते: वाहनमालक आणि त्याची विमा कंपनी. पण खड्ड्याला मालक दिसत नाही आणि त्याचा विमाही नसतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे नेहमीच्या कलम १६६ खाली जायचे तर चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. म्हणजे मागे बसलेल्या मुलाच्या मृत्यूसाठी पुढे बसलेल्या भावाकडे बोट दाखवावे लागते. घरात आधीच एक जागा रिकामी झालेली असताना हे किती कुटुंबांना जमेल? आणि जो वाचला, त्याचे काय? अशा अपघातात वाचलेल्या तरुणाला समाज पुष्कळदा नकळत आरोपीच्या नजरेने पाहतो. रस्त्याने केलेले पाप त्याच्या माथी बसते. शोकसभेत गेलेल्याविषयी सर्व जण बोलतात. वाचलेला कोठे तरी कोपऱ्यात उभा असतो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे कोणाच्या लक्षात राहत नाही.

दुचाकीचा केवळ सक्तीचा तृतीयपक्ष विमा असेल तर मागे बसलेल्या व्यक्तीला सर्वसाधारणपणे त्यातून संरक्षण मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत ते मिळते. मालक-चालकासाठी वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे. त्याची रक्कम दुचाकीसाठी पूर्वी फक्त एक लाख रुपये होती, २०१८ साली ती पंधरा लाखांपर्यंत नेण्यात आली. मागच्या आसनासाठी मात्र तो वेगळा मागून घ्यावा लागतो. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना १ जून २०१५ पासून, म्हणजे या घटनेच्या आठ आठवडे आधी, सुरू झाली होती. बँक खात्यातून वर्षाला बारा रुपये कापून दोन लाखांचे अपघाती संरक्षण; आता हप्ता वीस रुपये आहे. परंतु तिची वयोमर्यादा अठरा ते सत्तर. सोळा वर्षांचा मुलगा त्या जाळ्याच्या बाहेरच राहतो. आपल्या घरातल्या दुचाकीची पॉलिसी कपाटातून काढून मागच्या आसनाविषयी त्यात काय लिहिले आहे, हे वाचकांनी एकदा पाहावे. नूतनीकरण हल्ली फोनवरच होते, त्यामुळे ती ओळ कोणी वाचत नाही.

तिकडे उच्च न्यायालयातील ते २०१३ चे प्रकरण चालूच होते. २०१८ मध्ये महापालिकांना सविस्तर निर्देश देऊन झाले होते. तक्रार नोंदवण्याची सोय, खड्डे बुजवण्याची पद्धत, सगळे त्यात होते. मधल्या काळात, २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत, नामवंत पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर पाण्यातून चालत घरी जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीकडे सापडला. तेव्हा शहर हादरले. भाजीविक्रेत्याचा मुलगा असो वा विख्यात डॉक्टर, पाण्याखाली काय आहे हे दोघांनाही दिसले नव्हते.

अखेर १३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने पैशाची भाषा वापरली. खड्डा किंवा उघडे मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये. जखमी झाल्यास इजेच्या स्वरूपानुसार पन्नास हजार ते अडीच लाख रुपये. रक्कम ठरवण्यासाठी समिती, तिच्यात महापालिकेच्या आयुक्तांबरोबर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. दावा आल्यावर सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे आणि नंतर ते जबाबदार अधिकाऱ्याकडून किंवा ठेकेदाराकडून वसूल करायचे. या आदेशातला हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा आहे. भरपाई करदात्याच्याच खिशातून गेली तर निष्काळजीपणा फुकट राहतो. ज्याने काम बिघडवले त्याच्या नावे ती रक्कम खर्ची पडली, तरच पुढच्या वेळी चर भरताना कोणी तरी रोलर फिरवून घेईल. पत्रापासून या आदेशापर्यंत बारा वर्षे लागली. प्रकाश असता तर तो आता पंचविशी ओलांडून गेला असता.

दादाराव या वाटेवर एकटे नाहीत. हैदराबादेत रेल्वेतून निवृत्त झालेले गंगाधर टिळक कटनम आणि त्यांच्या पत्नी यांनी २०१० च्या सुमारास खड्डे बुजवायला घेतले आणि आपले निवृत्तिवेतन त्यात घातले. त्यांचे कोणी खड्ड्यात गेले नव्हते. इतरांचे अपघात पाहून त्यांना राहवले नाही. फरिदाबादच्या एका वडिलांचा तीन वर्षांचा मुलगा फेब्रुवारी २०१४ मध्ये खड्ड्यामुळे झालेल्या अपघातात गेला. त्यांनी न्यायालयाचा रस्ता धरला आणि वर्षानुवर्षे रस्ता प्राधिकरणाशी झुंज दिली. दोन बापांनी एकाच दुःखाला दोन वेगळी उत्तरे शोधली. कोणते अधिक परिणामकारक हा प्रश्न चर्चेला ठीक आहे. मरोळच्या भाजीविक्रेत्याला वकिलाच्या फीपेक्षा खडी जवळची होती, आणि खड्डा आजच भरला जायला हवा होता.

हेल्मेटविषयी बोलताना मात्र कुटुंबांमध्ये आजही एक संकोच जाणवतो, जणू त्यामुळे गेलेल्याला दोष दिला जातो. तसे मानण्याचे कारण नाही. अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीत दिसले आहे की हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेची सुमारे ६९ टक्क्यांनी घटते. एकाच गाडीवरून, एकाच खड्ड्यात पडलेल्या दोघांपैकी एक उठून उभा राहिला, हे या आकड्यांचेच जिवंत रूप होते. कायद्यात मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट २०१५ मध्ये आवश्यकच होते. परंतु मुंबईत त्याची अंमलबजावणी कोणी मनावर घेत नसे. वाहतूक पोलिसांनी ती सक्ती प्रत्यक्ष राबवायला घेतली २०२२ च्या जूनमध्ये. आजही बोरिवली असो वा मुलुंड, शिकवणीला मुलाला सोडायला निघालेल्या स्कूटरवर पुढच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागचे डोके उघडे, हे दृश्य दर सकाळी दिसते. दुसरे हेल्मेट हजार-दीड हजाराला मिळते. ते घेतले तरी घरी राहते, कारण उतरल्यावर ते ठेवायचे कोठे हा प्रश्न असतो. सोसायटीच्या रखवालदाराकडे, शिकवणीच्या जिन्याखाली, डिकीत, कोठे तरी त्याची सोय लावावी लागते.

जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यावर आता मेट्रोचे खांब उभे राहिले आहेत. सीप्झपाशी वाहने तशीच खोळंबतात, पवई तलावाच्या कडेने पावसात तसेच पाणी साचते. प्रकाशच्या नावाचा फलक शोधत गेले तर हाती फारसे काही लागणार नाही. त्याच्या वडिलांनी भरलेल्या शेकडो खड्ड्यांपैकी पुष्कळांवर केव्हाच नवे डांबर किंवा काँक्रीट पडले असेल, काही पुन्हा उखडले असतील. त्यांवरून रोज जाणाऱ्या हजारो दुचाकीस्वारांपैकी कोणालाही आपण नेमके कोठे पडलो नाही हे माहीत नाही.